बेस्सेचं घर निघालं

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका खेड्यात विधवा बेस्सेचं उंच खांबांवरचं लाकडी घर दुसऱ्याच्या जागेत उभं होतं. ती जागा शहरातल्या हॉटेलवाल्यानं विकत घेतली आणि बेस्सेला निघायला सांगितलं.

"जागा तुमची, पण घर माझं. घेऊन जाते," ती म्हणाली. हॉटेलवाला हसला.

शुक्रवारी नमाजानंतर गावातले झाडून सारे पुरुष जमले. खांबांना आडवे बांबू बांधून त्यांनी अख्खं घर खांद्यावर घेतलं.

"बेस्सेताई, ठेवायचं कुठं?"

बेस्सेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मत्तोलाच्या अंगणात. दोनदा मागणी घातलीय त्यानं. आता येते म्हणावं."

"तूच सांग की! तुझ्याच घराखाली उभाय तो."

घराचा पुढचा कोपरा एकदम हातभर वर गेला.

"मत्तोला, दमानं! घर सांडशील!"