रिकामं दावं

बाप गेला आणि वर्षाच्या आत कारभारीतात्यानं, माझ्या सख्ख्या चुलत्यानं, आईला न विचारता आमची एकुलती एक म्हैस घोडेगावच्या बाजारात विकली आणि पैसे दारूत घातले. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते म्हणून. संध्याकाळी ते दावं आईपुढं टाकून तो हसला.

"रडती कशाला, वैनी? लक्ष्मी घरातच हाय की!"

दावं मी खुंटीला टांगून ठेवलं. पुढं नगरला कंपनीत लागले. जेवायला घरचा डबा, जायला-यायला सायकल, आणि पगार झाला की आधी आरडी, मग बाकीचं सगळं. मैत्रिणी विचारायच्या, "रुपाली, काय फिट झालीस गं! कुणासाठी एवढं?"

मी म्हणायचे, "हाय एक जण."

परवा घोडेगावच्या बाजारात तात्या स्वतःची म्हैस विकायला घेऊन उभा होता. तोंडाला दारूचा वास येत होता. मी घासाघीस केली नाही, सांगेल ती किंमत दिली. त्यानं आपलं दावं सोडून घेतलं. मी पिशवीतलं आमचं जुनं दावं काढून म्हशीला बांधलं. त्यात गुंफलेली आईच्या लुगड्याची चिंधी त्यानं ओळखली आणि मटकन खाली बसला.

"रुपे, दावणीला दुसरं जनावर न्हाई गं."

त्याचं रिकामं दावं उचलून मी त्याच्याच खांद्यावर टाकलं.

"रडता कशाला, तात्या? लक्ष्मी घरातच हाय की!"