घाण कुणाची

धाकटी बहीण बाळंतपणाच्या टाक्यांत पू होऊन गेली, तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले होते, "तुमच्या घरातली घाण बाधली." आईनं ते मनाला लावून घेतलं आणि अंथरूण धरलं. थोरली प्रयोगशाळेत जंतूंची जनुकं वाचायची. वर्षभरानं सरकारी तपासणीत त्याच डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या बेसिनचा गाळ तिच्याकडे तपासायला आला. त्यात शेकडो जंतूंची सरमिसळ होती. बहिणीच्या जखमेतला जंतू तिनं गोठवून जपला होता; गाळातल्या एकाची जनुकं त्याच्याशी तंतोतंत जुळली. अहवाल बघताच डॉक्टर गयावया करू लागले, "ताई, माझं नाव मातीत जाईल." "अहवाल सकाळीच सरकारकडे गेलाय. मी तुम्हाला न्यायला आलेय," ती म्हणाली. "खरं काय ते आईला सांगा." आईच्या खोलीत त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. ते पुटपुटले, "घाण आमच्याकडे होती." आई उठून बसली. "मोठ्यानं बोला."