मागच्या दाराचा पहारा

२०१९ सालचा ऑक्टोबर. टेक्ससच्या उन्हात वेल्डन खुर्चीवर बसला होता. पिस्तुलाचा वरचा भाग त्याने कमरेच्या पट्ट्याला अडकवला आणि डाव्या हाताने पिस्तूल खाली रेटलं. खट्ट. गोळी चढली. उजवा हात मांडीवर निपचित होता, अर्धांगाच्या झटक्यापासून.

शेजारच्या गावात चर्चमध्ये गोळीबार झाला होता. तेव्हापासून रविवारी पाच माणसं कोटाखाली पिस्तूल बाळगून चर्चची दारं राखत. ही रीत वेल्डननेच घालून दिलेली. झटक्याने त्याची जागा गेली. ती परत मिळवायला तो वर्षभर खपला. पिस्तुलाची चामडी खोळ पोटाशी आणून शिवून घेतली, म्हणजे बसल्याबसल्या डावा हात पोचे. स्वयंपाकघरात रिकाम्या पिस्तुलाने सराव चाले. बायको लॉरीन लाटणं उगारून हल्लेखोर व्हायची.

"तू पिस्तूल काढेपर्यंत माझी बिस्किटं भाजून झाली," ती म्हणायची.

आज परीक्षा होती. पथकाचा नवा प्रमुख रॉइस, वेल्डनचा बालमित्र, मागे उभा होता. सगळ्या गोळ्या पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीत बसल्या.

"लाजवलंस की रे म्हाताऱ्या!" रॉइस म्हणाला. "रविवारपासून मागचं दार तुझं."

रविवारी लॉरीनने त्याला आत सोडलं आणि गाडी सावलीत लावायला चर्चच्या मागे नेली. मागच्या दाराला बाहेरून साखळी आणि कुलूप होतं. दोन्ही कोरी करकरीत.

ती आत आली. वेल्डन दाराशी ताठ बसला होता. त्याची कॉलर सारखी करून ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. घरी जाताना तोच म्हणाला, "बसण्याआधी दार ढकलून पाहिलं मी. रॉइसला सांगू नकोस."

अडीच वर्षं तो तिथे बसला. मग एका पहाटे झोपेतच गेला.

लॉरीन लबक शहरात मुलीकडे राहायला निघाली, तेव्हा रॉइस सामान चढवायला आला. शेवटचं खोकं ठेवून तो घुटमळला. "पुठ्ठा हलत नाही, लॉरीन. आत लेकरं असतात. म्हणून मी ते दार... त्याला कळलं नाही, एवढं बरं झालं."

"पहिल्याच दिवशी कळलं त्याला."

"आणि तरी दर रविवारी येत राहिला?"

"मग काय करणार? दुसरी कुठली जागा ठेवली होतीत तुम्ही त्याला?"

पुढे लॉरीन लबकलाच वारली. रॉइसने पथक सोडलं. रविवारी तो अजून चर्चपर्यंत जातो आणि प्रार्थना संपेपर्यंत मागच्या दारासमोर गाडीतच बसून राहतो.