चहाचं पाणी

निजामाच्या राखीव रानात तंबू ठोकून तहसीलदारसाहेब आणि बाईसाहेब दिवसभर हौसेनं डोंगर हिंडले. परतताना बाईसाहेबांनी ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यात पाय बुडवून खसाखसा धुतले.

तंबूवरच्या चहासाठी पाणी भरायला आलेल्या तांड्यावरच्या भिकाबाईला शिसारीच आली. "पिण्याच्या पाण्यात पाय! लाज न्हाई वाटत व्हय या लोकाईला?" स्वतःशीच करवादत ती कोसभर चालली आणि दुसऱ्या ओढ्याचं निर्मळ पाणी घेऊन तंबूवर आली.

घागर बघताच बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला. "शी! हिच्या हातचं पाणी? ओतून दे ते. शिपाई, तू आण!"

भिकाबाईनं गुमान घागर उपडी केली.



शिपायानं जवळच्या त्याच झिऱ्यातून किटली भरून आणली, आणि पहिला घोट घेत बाईसाहेब म्हणाल्या, "आता कसा चहा घशाखाली उतरला!"