मोबाईलवर आलेली पत्रिका

मुलाच्या लग्नाची पत्रिका होणाऱ्या व्याह्यांच्या नंबरावरून मोबाईलवर आली आणि अँटीव्हायरसनं लालभडक इशारा दिला: ‘फाईल धोकादायक आहे.’ “सोयऱ्यायच्या पत्रिकेले धोकादायक म्हणते मेलं!” म्हणत वच्छलाबाईंनी अँटीव्हायरसच बंद केला. पत्रिका उघडली नाही; मोबाईल मात्र तीच फाईल आपोआप साऱ्या गणगोताला धाडत सुटला. “आई, व्हायरस हाय! सगळ्यायले सांग, कोणी उघडू नका,” मुलगा ओरडला. तोच फोन वाजला. चांदूर रेल्वेचा श्याम. मानपानावरून रुसलेला, वर्षानुवर्षं अबोला धरलेला धाकटा भाऊ. त्याला पत्रिका द्यायचीच नाही, असं वच्छलाबाईंनीच ठरवलं होतं. “ताई, आठवण ठेवली तं! पत्रिका उघडूनच राहिलो.” “उघडू नको, श्याम!” “काहून? चुकून आली का मले?” वच्छलाबाईंनी गठ्ठ्यातून छापील पत्रिका ओढली. “तिले हात नको लावू. तुयी पत्रिका घेऊन मीच येऊन राहिली.”