इतवारीसाठी पंजा

"काय उचलाचं हाये, ते सांगा आधी," रफीक मिस्त्री म्हणाला. "पंजा मंग."

खुशालने आपला छोटा ट्रॅक्टर वेल्डिंगच्या दुकानासमोर उभा केला होता. पुढचे लोखंडी हात रिकामेच होते. चाकावरच्या पत्र्यावर बसून म्हातारी बुधरी आली होती. आलापल्लीपर्यंतच्या सगळ्या वाटेत दोघं एक शब्द बोलले नव्हते.

"दगड," खुशाल म्हणाला. "एकच. रस्ता रुंद होऊन राह्यला, त्यात येते. पन्नासेक हात सरकवाचा आन् पुन्हा उभा कराचा."

"केवढा?"

"गुडघ्याएवढा."

"कमरेएवढा," बुधरी म्हणाली. "इतवारीच्या नावानं उभा केला, तवा कमरेएवढा होता. मेलेला माणूस सुखात असला का त्याचा दगड वाढते. माह्या पोराचा खाली जाऊन राह्यला."

"पावसानं माती चढली, बाई."

"एकट्या त्याच्यावरच चढली? बाजूले त्याच्या बापाचा हाये. तो तसाच हाये."

खुशालने खिशातून तंबाखूची पुडी काढली, पाहिली आणि परत ठेवली.

रफीक गिऱ्हाइकांची दोनच खाती मांडायचा: वजन वाढवून सांगणारे आणि वजन लपवणारे. खुशाल दुसऱ्या खात्यातला. पूर्वी तो जंगलातून लाकूड वाहायचा ठेकेदार होता. त्याच्याच ट्रकवर ओंडके चढवताना इतवारी खाली सापडला, त्याला बारा वर्षं झाली होती. आलापल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बुधरीलाही होतं.

"कमरेएवढाच धरतो," रफीक म्हणाला. "वर दिसते तेवढाच दगड उचलाचा नसते, भाऊ. खाली गेला तोही उचला लागते."

त्याने दोन पंजे दाखवले. पहिला दातेरी, बारा अणकुचीदार दातांचा. वजनाला हलका. झुडपं उपटायला, काट्यांचा ढीग उचलायला चांगला. दुसरा दोन जबड्यांचा, ओंडक्यासाठी. त्याला आतून रबर लावलं होतं. माजरीच्या खाणीत कोळसा वाहणारा जाड पट्टा भंगारात आला होता, त्याचं.

"दातेरी देऊन टाक," खुशाल लगेच म्हणाला. "दगड होईन, मंग बांधावरची बेशरमाची झुडपंही काढता येतीन. रबराचा पुढं जड पडन. माहा ट्रॅक्टर लहान हाये."

"मागं वजन बांधू. रेतीचं पोतं."

"पण एका दगडासाठी? दातात दोनचार ओरखडे पडतीन, दुसरं काय? दगडच त हाये."

बुधरी पुढे आली. तिने एका दातावर बोट टेकवून पाहिलं.

"मंग तू उभा राह्य यात," ती म्हणाली.

रफीक हसला. खुशालही हसला. म्हातारी हसली नाही, तेव्हा दोघं थांबले.

"अवो बाई, ह्या दातात?"

"यात नाई त त्यात. उभा राह्य."

रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचे दोघंतिघं वळून पाहू लागले होते. नाही म्हणणं जास्त नजरेत आलं असतं. "लावा हो मिस्त्री," खुशाल मोठ्याने म्हणाला. "बाईची खातरी होऊ द्या."

रफीकने रबराचा पंजा ट्रॅक्टरच्या हातांना अडकवला, पिना ठोकल्या, नळ्या जोडल्या. खुशाल दोन जबड्यांमध्ये फोटोला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. "नवरदेव दिसता, भाऊ," रफीक सीटवर चढत म्हणाला आणि इंजिन चालू करून त्याने दांडा हळूच ओढला.

जबडे सरकत आले. रबर खुशालच्या बरगड्यांना लागलं.

"अजून," बुधरी म्हणाली. "असा त पडन तो."

रफीकने सुताएवढा दांडा ओढला. खुशालचा सदरा चुरगळला.

"अजून."

"बस, बस!" खुशाल ओरडला. "बस कर, रफीक! श्वास घेता येऊन नाई राह्यला!"

रफीकने इंजिन बंद केलं. जबडे होते तिथेच थांबले. टपरीवर कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

बुधरी खुशालजवळ गेली. ती त्याच्या छातीएवढी होती. वर पाहत तिने विचारलं, "इतवारी ओरडला होता का?"

प्रेत घेऊन आला त्या दिवशी खुशालने तिला सांगितलं होतं, काही कळायच्या आत गेला, बाई, आवाजही नाही निघाला. पुढे दरवर्षी, दगडाला नवा भात दाखवताना ती तेच विचारायची आणि तो तेच सांगायचा. आज त्याचे दोन्ही हात जबड्यांच्या वर लोंबत होते, आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"बाई, सोडाले सांगा."

ती तशीच वर पाहत राहिली.

"दोनदा," खुशाल म्हणाला.

"काय म्हणे?"

"पहिल्यांदा तुमाले हाक मारली." तो थांबला. "मंग मले. मी ड्रायव्हरले म्हटलं, गाडी पुढं घे. मले वाटलं, त्याच्यावरचं लाकूड सरकन."

बुधरीने रबर आणि त्याची बरगडी यांच्या मधे बोटं घालून पाहिली. दोनच बोटं गेली. तिने मान डोलावली.

"याच पंज्यानं उचला," ती रफीकला म्हणाली. "आन् सोडा त्याले."

रफीकने इंजिन चालू केलं आणि दांडा उलटा लोटला. जबडे पूर्ण उघडले, दोन्हीकडून हातभर जागा झाली. बुधरी जाऊन पत्र्यावर आपल्या जागी बसली.

खुशाल अजून जबड्यांमधेच उभा होता. "झालं, भाऊ, या बाहेर," रफीकने दोनदा म्हणून पाहिलं.