मधुला आवडेल?

मोबाइलवर एखादी कादंबरी घ्यावी म्हणून गरिमानं सासऱ्यांचा लॅपटॉप उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. संभाजीरावांनी आपली सगळी ई-पुस्तकं नीट लावून ठेवली होती. नाव, लेखक, विषय. पण शेवटी एक रकाना त्यांनी स्वतःच जोडला होता: 'मधुला आवडेल?' प्रत्येक पुस्तकापुढे उत्तर होतं. हो. नाही. एकापुढे तर, 'नको, रडेल.'

सासूबाईंचं नाव शांता. घरात काय, अख्ख्या दाना ओली मोहल्ल्यात मधु नावाचं कुणी नव्हतं. म्हणजे बाबा रोज संध्याकाळी बाड्याच्या चौकात फिरायला जातात, ते यासाठी तर!

सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. गरिमाला राहवेना.

"आई, ये मधु कौन है? बाबांच्या पुस्तकांत तिचं नाव आहे. तिला काय आवडेल, कशानं रडू येईल, सगळं लिहिलंय."

शांताताईंचा हात थांबला.

"तरीच माझ्या टॅबवर ते कधी रडकं पुस्तक घालत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "माहेरी मी मधु होते गं. लग्नात ताटातल्या तांदळांवर यांनीच शांता लिहिलं. आणि तेव्हापासून नुसतं 'अगं'."

तेवढ्यात फिरून आलेल्या संभाजीरावांचा दारातून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?"

गरिमा बाहेर जायला निघाली. शांताताईंनी तिचा हात धरला.

"थांब. आज माझ्या नावानं हाक मारल्याशिवाय मी ओ देणार नाही."